देवल मास्तरांची तालीम

गोविंद बल्लाळ देवल यांच्या नावावर सात नाटके आहेत. त्यांतले स्वतंत्र नाटक एकच, 'शारदा'. बाकीची सहा संस्कृतातून, इंग्रजीतून आणि इंग्रजीच्या वाटेने फ्रेंचमधून आलेली. नाटककार म्हणून त्यांचा मान मोठा असला, तरी त्या काळच्या नटमंडळींच्या तोंडी त्यांचे नाव 'देवल मास्तर' असेच होते. शाळेत त्यांनी मुलांना शिकवले आणि नाटक मंडळ्यांत तालीम मास्तर म्हणून नटांना. जुनी थोर नाटके वाचायची, ती मराठीत आणायची आणि मग नटाकडून ओळ न् ओळ बोलवून घ्यायची, ही तिन्ही कामे त्यांनी एकाच ओढीने केली. त्यांचे लेखन नीट समजून घ्यायचे, तर ते तालमीच्या जागेवरून पाहावे लागते.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा. त्यांचे बालपण सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात गेले. ज्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्याच सांगलीचा हा शेजार. शिक्षण बेळगावला झाले. तिथे अण्णासाहेब किर्लोस्कर त्यांचे शिक्षक होते, आणि पुढे देवल स्वतःही बेळगावातच शिक्षक झाले. किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' उभे केले आणि संगीत नाटकाचा नवा काळ सुरू झाला. कालिदास मराठी प्रेक्षकाला गाऊन आणि बोलून दाखवता येतो, हे देवलांनी गुरूच्या कामातून जवळून पाहिले.

त्याआधी मराठीत अभिजात नाटके नव्हती, असे मुळीच नाही. परशुरामपंत गोडबोले, कृष्णशास्त्री राजवाडे यांनी संस्कृत नाटकांची भाषांतरे केली होती. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचा 'ऑथेल्लो' १८६७ मध्येच छापून झाला होता. या नाटकांना 'बुकिश' म्हणत. पंडितांनी मोठ्या निष्ठेने केलेले हे काम होते आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण यांतली बरीच भाषा वाचणाऱ्यासाठी बेतलेली होती. लांब समास आणि मुळाशी इमान राखण्यासाठी वळवलेली वाक्ये पुस्तकात शोभतात; रंगमंचावर नटाचा श्वास तिथे तुटतो आणि मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला अर्थ लागेपर्यंत पुढचे वाक्य येऊन ठेपते. देवलांनी काम सुरू केले ते नेमके या अडचणीपासून.

पहिले नाटक 'दुर्गा' १८८६ चे. टॉमस सदर्न या आयरिश नाटककाराच्या 'इझाबेला' म्हणून गाजलेल्या शोकनाट्यावर ते आधारलेले आहे. पण देवलांचा खरा हात दिसतो तो त्यानंतरच्या 'मृच्छकटिका'त. शूद्रकाचे मूळ नाटक संस्कृत रंगभूमीवरही वेगळेच आहे. राजे आणि अप्सरा मागे राहतात आणि पुढे येतात जुगारी, घरफोड्या, गाडीवान, दिवाळे निघालेला सज्जन आणि त्याच्यावर जीव टाकणारी गणिका. मुळात प्रत्येक थरातल्या पात्राची बोली वेगळी, कोणी संस्कृत बोलतो, कोणी निरनिराळ्या प्राकृत भाषा. मराठीत आणताना हा भेद सपाट करून टाकणे सोपे होते. देवलांनी तो बोलण्याच्या ढंगात राखला. चारुदत्ताची संथ, भारदस्त भाषा वेगळी आणि शकाराची बढाईखोर बडबड वेगळी. शकार पुराणकथांची सरमिसळ करतो, एका कथेतली नायिका दुसऱ्या कथेतल्या वीराच्या गळ्यात बांधतो. कीर्तने-पुराणे ऐकत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला हा विनोद समजावून सांगावा लागला नाही. शूद्रक आणि हा प्रेक्षक यांच्यामध्ये शेकडो वर्षे होती. देवलांच्या मराठीत ती जाणवत नाहीत.

कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीया'चे त्यांनी मराठी नाटक केले. बाणभट्टाची 'कादंबरी' तर नाटकही नाही. एका वाक्यात पान भरून टाकणारी ती गद्यकथा. तिच्यावरून त्यांनी १८९३ मध्ये 'शापसंभ्रम' लिहिले. ही दोन्ही नाटके आज फारशी कोणी वाचत नाही. पण बाणाच्या वर्णनांमधून संवाद शोधून काढायचे धाडस करणारा माणूस ग्रंथांवर किती प्रेम करत असेल, हे त्यांवरून कळते.

'झुंजारराव' हे 'ऑथेल्लो'चे रूपांतर १८९० चे. इथे देवलांनी व्हेनिस सोडून दिले आणि कथा मराठी सरदारांच्या जगात आणली. ऑथेल्लो झुंजारराव झाला, डेस्डिमोना कमळजा झाली, इयागो जाधवराव झाला. शेक्सपिअरच्या शोकांतिकेची मदार शेवटी संशयाच्या चढत्या पायऱ्यांवर आहे. एक अर्धवट वाक्य, मुद्दाम घेतलेला एक विराम, एक हातरुमाल, आणि भल्या माणसाचे मन पोखरले जाते. हे विराम साधले नाहीत तर नाटक ओरडाआरडीत बुडते. देवलांच्या गद्याला हे भान आहे. त्यातली वाक्ये नटाला कुठे थांबायचे ते सांगतात. गणपतराव जोशी यांनी झुंजाररावाची भूमिका गाजवली, त्यात नटाची ताकद तर होतीच, पण बोलण्याजोग्या भाषेचा वाटाही होता.

संशय हाच विषय देवलांनी विनोदातही हाताळला. मोलिएरच्या १६६० मधल्या प्रहसनावरून आर्थर मर्फी याने इंग्रजीत 'ऑल इन द राँग' लिहिले आणि त्यावरून देवलांनी 'फाल्गुनराव' हे गद्य नाटक केले. पुढे त्याचेच संगीत रूप म्हणजे 'संशयकल्लोळ'. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या ही सगळी नावे महिन्यांची आणि नक्षत्रांची. पात्रे जणू एकाच पंचांगातून उतरली आहेत. गैरसमज कधी एका तसबिरीतून, कधी ओझरत्या दिसलेल्या दृश्यातून वाढत जातो. अशा नाटकात प्रवेशाची वेळ क्षणभर चुकली तरी हशा जातो. पॅरिस, लंडन आणि पुणे असा प्रवास करून आलेले हे कथानक इतके मराठी झाले, की ते परके होते याची आठवण द्यावी लागते.

आता तालीम. त्या काळी प्रत्येक नटाला नाटकाची संपूर्ण प्रत मिळत नसे. त्याला मिळे ती नक्कल, म्हणजे त्याच्या भूमिकेपुरती हाताने उतरवून काढलेली भाषणे. मंडळीत दाखल होणारी पुष्कळशी मुले गळ्यावर निवडलेली असत आणि त्यांचे शिक्षण बेताचे असे. नाटकाचा अर्थ, पात्रापात्रांतले नाते, एखादा शब्द इथेच का आला, हे सारे त्यांच्यापर्यंत पोहोचायचे ते तालीम मास्तरांच्या तोंडून. म्हणजे मास्तर हाच त्यांचा ग्रंथ होता. स्त्रीभूमिका मुलगेच करत, त्यामुळे स्त्रीच्या बोलण्यातला संकोच, रोख आणि लय शिकवण्याचे अवघड कामही त्याच्याकडेच असे. देवलांच्या हाताखाली बालगंधर्व घडले, गणपतराव बोडस घडले. बोडसांच्या 'माझी भूमिका' या आत्मचरित्रात त्या दिवसांतल्या तालमींचे जग भेटते.

देवलांची पदेही याच कामाची साक्ष देतात. ती सोपी आहेत, आणि हे सोपेपण कमावलेले आहे. गायक नटाचा मोह तानेकडे असतो. देवलांच्या पदातला शब्द मात्र कितीही आलापी झाली तरी ऐकू येतो, कारण तो रोजच्या बोलण्यातला आहे आणि वाक्याच्या ओघात आपल्या जागी बसलेला आहे. पदामुळे नाटक थांबत नाही. पात्र जे बोलत होते तेच सुरात पुढे बोलते.

हे सारे शिक्षण 'शारदे'त एकत्र आले. १८९९ मध्ये किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणलेले हे नाटक जरठ-कुमारी विवाहावर आहे. पैशाच्या लोभाने मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघालेला कांचनभट, लग्नाला हपापलेला भुजंगनाथ, त्यांच्यामध्ये दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित, आणि या सौद्यात जिला कोणी विचारत नाही ती शारदा. संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ मध्ये उठलेला वाद लोक विसरले नव्हते. देवलांनी मात्र रंगमंचावर व्याख्यान दिले नाही. भद्रेश्वराची गोड जीभ शकाराचे बोलणे लिहिलेल्या हाताशिवाय साधली नसती, आणि मुलींच्या आपसातल्या गप्पांतून शारदेची भीती हळूहळू उघड होते तिथे झुंजाररावाचा संशय पायरीपायरीने चढवणारा लेखक दिसतो. बालविवाहाला आळा घालणारा १९२९ चा कायदा 'सारडा कायदा' म्हणून ओळखला जातो तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून. या नाटकाशी त्याच्या नावाचा संबंध नाही. पण कायदा येण्याच्या तीस वर्षे आधी मराठी घराघरांत हा प्रश्न बोलता केला तो या नाटकाने.

आयुष्यभर इतरांची नाटके मन लावून शिकलेल्या आणि शिकवलेल्या माणसाचे हे एकमेव स्वतंत्र नाटक, आणि एकोणिसाव्या शतकातले ते सर्वांत समर्थ मराठी सामाजिक नाटक आहे. 'संशयकल्लोळ' संगीत रूपात गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले ते १९१६ मध्ये. त्याच वर्षी १४ जूनला देवलांचे निधन झाले. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद आपले वार्षिक पुरस्कार देवलांच्या या स्मृतिदिनी देत आली आहे.