मोटारींतील बैठक : सेडान कीं एस्‌यूव्ही ?

सतराव्या शतकांत लंडनच्या रस्त्यांवरून दोन माणसें दांड्यांनीं उचलून नेत अशा बंद खुर्चीस ‘सेडान’ म्हणत. इकडील मेण्याचें तें एकासनी रूपच. पुढें तेंच नांव छप्पर व निराळी डिकी असलेल्या मोटारीस मिळालें. वाहन बदललें, पण मूळ प्रश्न बदलला नाहीं : आंत बसलेला मनुष्य मुक्कामापर्यंत सुखानें पोहोंचतो काय ? आज सेडान घ्यावी कीं एस्‌यूव्ही, या रूपानें तोच प्रश्न घरोघर निघतो, आणि उत्तर बहुधा गाडीच्या बाहेरील आकारावरून दिलें जातें. तेथेंच फसगत होते.

२०२० सालीं नव्या रूपांत आलेली होंडा सिटी ही सेडान आणि २०२४ सालची ह्युंदाई क्रेटा ही एस्‌यूव्ही शेजारी ठेवून पाहावी. सिटी २० सेंटिमीटरांहून अधिक लांब; क्रेटा साडेचौदा सेंटिमीटर उंच. परंतु आंतील लांबी मुख्यतः पुढच्या व मागच्या चाकांच्या आंसांमधील अंतरावर अवलंबून असते, आणि तें सिटीचें २६०० तर क्रेटाचें २६१० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सारखेंच. बाहेरील रुंदींत क्रेटा सुमारें ४ सेंटिमीटरांनीं सरस. मागें तिघे बसले तर त्यांतून प्रत्येकाच्या वांट्यास दीड सेंटिमीटरहि येत नाहीं. मग एस्‌यूव्हींत मोकळें वाटतें तें कशामुळें ?

उत्तर उंचींत आहे. उंच छपराखालीं बैठकहि उंच ठेवितां येते. पाटावर बसलेल्याचे पाय पुढें पसरतात, खुर्चीवर बसलेल्याचे खालीं जातात. म्हणून तेवढ्याच लांबींत गुडघ्यांपुढें जागा उरते. उलट, बहुतेक आधुनिक सेडानचें छप्पर मागें उतरतें असल्यानें उंच माणसाचें डोकें त्यास लागूं पाहतें. हा सेडानचा जातिदोष मात्र नव्हे. २०१४ सालापर्यंत उत्तरपाड्यास तयार होणारी ॲम्बॅसडर सेडानच होती. तरी तिच्या फुगीर छपराखालीं उंच माणूसहि ताठ बसे.

चढण्याउतरण्याची गोष्ट अशीच. सेडानच्या सखल बैठकींतून उठतांना सारा भार गुडघ्यांवर येतो. क्रेटासारख्या गाडींत बसणारा नुसता आंत सरकतो. पण बोलेरोसारख्या, निराळ्या सांगाड्यावर बांधलेल्या गाडीचा तळच उंच. तेथें नऊवारी नेसलेल्या आजीस अक्षरशः चढावें लागतें.

गाडी चालूं लागली म्हणजे हिशेब पुनः बदलतो. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असल्यानें खंबाटकीच्या वळणांवर ती अधिक कलूं पाहते, आणि ज्यांस गाडी लागते त्यांस तें सोसत नाहीं. सामानास सिटीची डिकी ५०६ लिटरांची, क्रेटाची ४३३. शिवाय एस्‌यूव्हींत पाठीमागें छपरापर्यंत रचलेली पेटी अचानक ब्रेक लागल्यास बसलेल्यांच्या डोक्यावर येण्याची भीति असते. तिसरी रांग असलेल्या गाडींत सात माणसें मावतात खरीं. परंतु त्या रांगेंत बहुधा गुडघे छातीशीं घेऊनच बसावें लागतें.

म्हणून दुकानांत एकट्या चालविणाऱ्यानें जाऊं नये. घरांतील सर्वांत उंच व सर्वांत वृद्ध अशा दोघांस बरोबर न्यावें. उंच माणसाच्या सोईनें पुढची बैठक मागें सरकवून मग मागें बसून पाहावें. मांडीस टेका मिळतो कीं ती अधांतरी राहते, गुडघ्याची मागची बाजू व गादीची कड यांत दोन-तीन बोटें अंतर राहतें कीं नाहीं, पाठ फार ताठ कीं फार कलती, हें निदान अर्धा तास बसल्यावांचून कळत नाहीं. वृद्धांस तीनदां चढूं-उतरूं द्यावें.

कारण गाडी न मानवलेली वडील मंडळी तक्रार करीत नाहींत. लग्नकार्याला, गांवच्या जत्रेला निघावयाचें ठरलें कीं ‘तुम्ही जा, आम्ही घरींच बरे’ एवढेंच म्हणतात, आणि घरच्यांस तें वयाचें लक्षण वाटतें. पुष्कळदां तें वयाचें नसून चार बोटें सखल किंवा वीतभर उंच बैठकीचें असतें.