कामाचा दमा आणि श्वासाची नोंद



कामाच्या दम्यावरच्या या परिषदेला आंबिवलीहून योग्य गाव मिळाले नसते. शेजारच्या मोहन्याचा एनआरसीचा रेयॉन कारखाना 2009 पासून बंद असला, तरी त्यात पाळ्या केलेली माणसे इथेच राहतात. त्यांची मुले आज डोंबिवली एमआयडीसीत, कल्याणच्या बेकऱ्यांत, गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजांत कामाला जातात. 2014 मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला. ते फोटो साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. कामगाराच्या छातीत गेलेल्या रंगाचा फोटो मात्र कुणी काढत नाही.

कामाचा दमा एकाच जातीचा नसतो. पिठाची धूळ, कापडाचे रिॲक्टिव्ह रंग, स्प्रे-पेंटमधले आयसोसायनेट यांची ॲलर्जी जडायला महिने, कधी वर्षे लागतात. उलट क्लोरीनसारखा वायू एकदाच जोरात गळला, तर काही तासांतच दमा सुरू होऊ शकतो. आणि कित्येकांना दमा आधीचाच असतो, कारखान्यात तो बळावतो. तिघांनाही धाप लागते, पण उपाय वेगळा.

इथे श्वासाची तपासणी कामी येते. रुग्ण छाती भरून श्वास घेतो आणि यंत्रात सुमारे दहा सेकंद एकाच संथ वेगाने सोडतो. यंत्र त्यातला नायट्रिक ऑक्साइड मोजते. मोठ्या माणसात आकडा 25 पीपीबीच्या (अब्ज भागांत 25 भागांच्या) खाली असेल तर कमी, 50च्या वर असेल तर श्वासनलिकेत ॲलर्जीची सूज असण्याचा संभव अधिक. बेकरीतल्या कामगाराचा आकडा कामावर असताना वाढून सुटीत उतरला, तर तो मोठाच धागा. आयसोसायनेटच्या दम्यात मात्र हा आकडा साधाच येऊ शकतो. विडी-सिगारेटने आणि स्टेरॉइडच्या पंपानेही उतरतो. म्हणून एका फुंकरीवर कुणालाही ‘तुला काही नाही’ म्हणून परत पाठवू नये.

हे यंत्र नसेल तिथे फुंकरीचा जोर मोजणारे साधे पीक फ्लो मीटर पुरते. दिवसातून चार वेळा, दरवेळी तीन फुंकरा, त्यातला सर्वांत मोठा आकडा कार्डावर. असे चार आठवडे, साप्ताहिक सुटीसह. पाळीचे दिवस आणि सुटीचे दिवस शेजारी मांडले की कामाचा संबंध दिसू लागतो. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या बिसिनोसिसवर, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजारावर, काम करणाऱ्या केईएमच्या डॉ. एस. आर. कामत यांच्या पिढीलाही सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते का, हेच विचारावे लागे.

कायद्याने कामामुळे होणारा दमा व्यावसायिक आजारांच्या यादीत घेतला आहे. पण हक्क मागायला कागद लागतो. तेव्हा डॉक्टर मंडळींना परिषदेच्या स्वागत समितीची कळकळीची विनंती: केसपेपरवर ‘दमा’ लिहिण्याआधी रुग्ण काय काम करतो ते विचारा, आणि पीक फ्लोच्या कार्डावर तारखेसह सही करून ते त्याच्या हाती द्या.