पोट दुखतंय, आज शाळेत नको



‘अ‍ॅडोलेसन्स’ ही इंग्लंडमधली चार भागांची सिरीज मार्च 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर आली आणि आपल्याकडेही घरोघरी तिची चर्चा झाली. तेरा वर्षांच्या जेमीला, शाळेतल्या एका मुलीच्या खुनाच्या संशयावरून, पोलीस भल्या पहाटे दार फोडून घेऊन जातात, अशी ती गोष्ट. तिकडच्या माध्यमिक शाळांना ती मोफत दाखवायची सोयही झाली. पालकसभेत मला तेव्हापासून एक प्रश्न हमखास येतो : “मॅडम, मुलांना असलं दाखवावं का?”

दाखवायचं काय राहिलंय? मुलांचं ते बघून झालेलं असतं. अख्खं नसेल, तर रील्समधून तुकड्यातुकड्यांनी. 2021 च्या नियमांनुसार ओटीटीवर वयाचे गट लिहावे लागतात, 13 च्या पुढच्या मजकुराला पालकांना कुलूप लावता येतं. धाकट्यांसाठी ते जरूर लावा. पण दहावीतल्या मुलाच्या मित्राचा फोन काही तुमच्या कुलपात येत नाही.

या सिरीजमधली एक बारीकशी गोष्ट मला फार बोलकी वाटते. अगदी सुरुवातीला, अटकेला निघालेला बॅसकोम नावाचा अधिकारी गाडीत बसून स्वतःच्या मुलाचा, अ‍ॅडमचा, निरोप ऐकतो. पोट दुखतंय, आज शाळेत नको. बाप ते फारसं मनावर घेत नाही. आपणही नसतं घेतलं. सोमवारी सकाळी दुखणारी पोटं आपल्या परिचयाची आहेत. दुसऱ्या भागात तोच बाप तपासासाठी जेमीच्या शाळेत जातो. अ‍ॅडमही तिथेच शिकतो, आणि इतर मुलं त्याला कशी वागवतात ते आपल्याला दिसतं. मग हा मुलगा बापाला बाजूला घेऊन सांगतो, की इन्स्टाग्रामवरच्या कमेंट तुम्ही चुकीच्या वाचताय. बापाला वाटत होतं, खून झालेली ती मुलगी कमेंटमधून जेमीशी गोडीत बोलत होती. अ‍ॅडम एकेका इमोजीचा अर्थ लावून दाखवतो आणि कळतं, की ती त्याला डिवचत होती. सगळ्या तपासाची दिशा त्याने बदलते. बाप मध्ये मध्ये गोंधळतो, पुन्हा विचारतो, पण ऐकून घेतो.

आपल्या घरात हा प्रसंग घडायची वेळ येते तेव्हा आपण काय करतो? पडद्यावर काही नको ते दिसलं, की एक तर रिमोट शोधतो, नाही तर “पाणी आण गं जरा” म्हणून मुलीला आत पिटाळतो. तिसरा प्रकार म्हणजे उलटतपासणी : “तुमच्या वर्गात असतं का असं? तू नाही ना करत असलं काही?” मुलगी “नाही” म्हणते आणि विषय संपतो. दुसरं काय म्हणणार बिचारी? गंमत अशी, की रात्री जेवताना सगळ्यांनी मिळून बघितलेल्या मालिकेत सुनेच्या दुधात कोणी विष कालवतं, कुणाचं अपहरण होतं, कुणाच्या थोबाडीत बसते, तेव्हा आपण निवांत आमटी वाढून घेत असतो. त्यावर मुलांशी बोलायला हवं, हे मनातसुद्धा येत नाही.

माझं सांगणं एवढंच, की मुलाबद्दल विचारू नका, पात्राबद्दल विचारा. “त्या अ‍ॅडमने आधीच बापाला का नाही सांगितलं रे?” असं विचारलं, की चौदा वर्षांचा मुलगाही बोलतो. कारण तो अ‍ॅडमबद्दल बोलत असतो. त्यातलं स्वतःचं किती, हे त्याचं त्याला ठरवू द्या. लगेच “म्हणजे तुलाही कोणी त्रास देतं का?” असा धागा ओढलात, की सगळं गुंडाळलं गेलं. समोरासमोर बसवूनही घेऊ नका. मेथी निवडताना, स्कूटरवर मागे बसवून क्लासला सोडताना बरं जमतं; डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. आणि एखादी गोष्ट खरंच कळली नसेल, तर “हे मला नाही कळलं, तू सांग” म्हणा. मुलं फार आनंदाने शिकवतात, थोडी हसतातही. हसू द्या.

आता अवघड भाग. काही सिरीजमध्ये आत्महत्या असते. ‘थर्टीन रीझन्स व्हाय’च्या पहिल्या पर्वातलं तसं एक दृश्य नेटफ्लिक्सने 2019 मध्ये काढून टाकलं, ते दाखवावं का, यावर आधी दोन वर्षं जगभर वाद चालला होता. असं काही बघितल्यावर मूल गप्प झालं, झोप उडाली, जेवणावरून उठायला लागलं, किंवा सहज म्हणावं तसं “तिचं बरोबरच होतं” म्हणालं, तर तिथे मात्र पात्राआड लपू नका. “तुला कधी जगू नये असं वाटतं का?” हे सरळ, शांत आवाजात विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेलं येतं, ही भीती खोटी आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. उत्तर “हो” आलं, तर रागावू नका, “तुला काय कमी केलं आम्ही?” म्हणू नका. त्याला एकटं सोडू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतः घाबरला असाल, तरी तिथे फोन करा.

बाकी रोजच्या बोलण्यात घाई नको. विचारल्याच्या दिवशी उत्तर येईल असं नाही. ते बहुतेक चार दिवसांनी, रात्री अकरा वाजता, तुम्ही दिवा घालवायला उठलात की येतं. “आई, त्या अ‍ॅडमचं ना…” अशी सुरुवात होते. आपल्या जिभेवर तेव्हा “उद्या शाळा आहे, झोप आता” आलेलं असतं. ते गिळा आणि परत बसा.