जुन्या मित्राचें नवें गांव

परदेशाहून परतलेल्या माणसाला ‘काय काय पाहिलेंत?’ असें विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यापेक्षां ‘कोणाच्या घरीं उतरलां होतां?’ असें विचारलें तर उत्तर अधिक ऐकण्यासारखें मिळतें. राजवाडे, पूल आणि पदार्थसंग्रहालयें यांचीं वर्णनें पुस्तकांतून हवीं तितकीं सांपडतात. पण तरुणपणीं ज्याच्याशीं एका ताटांत जेवण झालें, तो मनुष्य आज कोणत्या खिडकींतून बाहेर पाहतो, हें पुस्तकांत लिहिलेलें नसतें.

अंबाजोगाईचे एक वृद्ध डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी २०२४ सालच्या जून महिन्यांत लंडनला मुलीकडे गेलीं होतीं. आठ दिवसांत लंडन पाहून झालें. डॉक्टरांच्या खिशांत मात्र पहिल्या दिवसापासून एक पत्ता होता, आणि तो लंडनचा नव्हता. वेल्सच्या सरहद्दीला लागून श्रॉपशायर नांवाचा परगणा आहे. त्यांतील क्लन नदीच्या खोऱ्यांत एक लहानसें खेडें. तेथें त्यांचा एके काळचा सहाध्यायी राहतो.

बीड जिल्ह्यांत, अंबाजोगाईस, १९७४ सालीं स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवानें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालें. खेड्यांतल्या रोग्यासाठीं खेड्याजवळच डॉक्टर तयार व्हावे, ही त्यामागची कल्पना. आरंभींच्या विद्यार्थ्यांत हे दोघे होते; एक केजकडचा, दुसरा धारूरकडचा. खोली एक, स्टोव्ह एक, आणि ग्रे यांचा शरीररचनेचा जाडजूड ग्रंथहि दोघांत एकच. संध्याकाळीं बालाघाटाच्या कड्यावरून मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरावयाचें, एकानें प्रश्न विचारावयाचा, दुसऱ्यानें हाडांचीं नांवें म्हणत चढ चढावयाचा, असा अभ्यास चाले.

१९८१ सालीं धारूरकडचा मित्र विलायतेस गेला. हिंदुस्थानची पदवी तेथें १९७५ पासून पुरेशी धरीत नसत. वेगळी परीक्षा द्यावी लागे. ती तो पहिल्या खेपेस उतरला. “दोन वर्षांनीं परत येतो,” असें सांगून तो गेला. बीड जिल्ह्यांतून मुंबईला, पुण्याला किंवा साखर कारखान्यावर जाणारा प्रत्येकजण हें वाक्य उच्चारतो, आणि उच्चारतांना तें खरेंच असतें. दुसरा मित्र अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयांत राहिला आणि तेथूनच निवृत्त झाला.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनांतून हेरेफर्डपर्यंत एक गाडी, आणि तेथें बदलून लडलोपर्यंत दुसरी. लडलो हें टीम नदीच्या वर टेकडीवर वसलेलें जुनें गांव. किल्ला पडका, पण सेंट लॉरेन्सच्या देवळाचा मनोरा दुरून दिसतो. त्या देवळाच्या आवारांत हाउसमन या कवीची रक्षा आहे. श्रॉपशायरवर काव्य लिहून त्यानें नांव मिळविलें. पण त्याचा जन्म शेजारच्या वूस्टरशायरमधला. गांव दुरून अधिक सुंदर दिसतो, हें मुंबईत राहणाऱ्या मराठवाडेकरांना कवीनें सांगावयास नको.

स्टेशनावर मित्र काठी टेकून उभा होता. त्रेचाळीस वर्षांत तो चार-पांच वेळां अंबाजोगाईस येऊन गेला होता. पण त्या भेटी लग्नाच्या नाहीं तर मर्तिकाच्या. अशा प्रसंगीं माणसें भेटतात, बोलत नाहींत. दोघांनीं एकमेकांकडे क्षणभर पाहिलें. मग मित्र म्हणाला, “जेवलास कां?” दुपारचे चार वाजले होते.

घर दगडी, बुटकें. पण स्वयंपाकघरांत शिरतांच डॉक्टरांच्या पत्नी थबकल्या. परातींत ज्वारीचें पीठ मळलेलें होतें! मित्राची पत्नी परभणीची. बर्मिंगहॅमहून पीठ आणवून ती आजहि भाकरी थापते. पाहुण्यांनीं आणलेली येसराची पुडी फोडली, तेव्हां तिनें ती तोंडाशीं धरली आणि बराच वेळ खालीं ठेवली नाहीं. “वहिनी, आमटी होईल कीं नुसता वासच घ्यावयाचा?” असें डॉक्टरांनीं विचारलें, तेव्हां कोठें सगळीं हसलीं.

जूनमध्यें तिकडे रात्रीं साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळें गप्पांना अंत नव्हता. मित्राचा पहिला हिवाळा श्रूजबरीच्या इस्पितळांत गेला. १० जानेवारी १९८२ रोजीं याच परगण्यांत, न्यूपोर्टजवळ, पारा शून्याखालीं २६.१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. इंग्लंडमध्यें नोंदलेलें तें आजवरचें सर्वांत कमी तपमान. ज्यानें अंबाजोगाईची थंडीच कडक समजावी, त्यानें त्या रात्रीं पायांत तीन मोजे चढवून पाळी केली. पुढें तो या खोऱ्यांत खेड्याचा डॉक्टर झाला. १९४८ सालच्या ५ जुलैपासून तेथें राष्ट्रीय आरोग्यसेवा चालू आहे. डॉक्टरकडे जातांना रोग्यानें खिशांत हात घालावयाचा नसतो. “तीस वर्षांत तपासणीसाठीं रोग्याच्या हातून मीं पैसा घेतला नाहीं,” मित्र म्हणाला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनींहि सरकारी पगारावरच दिवस काढले होते. पण औषध बाहेरून आणावयास सांगतांच चिठ्ठी हातांत धरून उभे राहिलेले नातेवाईक त्यांना आठवले, आणि ते कांहीं बोलले नाहींत.

इंग्रजी खेडें म्हणजे चित्रांतलें खेडें, अशी आपली समजूत. चित्र खोटें नाहीं. पण चित्रांत माणसें कमी कां, याचा विचार आपण करीत नाहीं. बस मोजक्या दिवशीं येते. जन्मगांवीं घर घेणें तरुणांस परवडत नाहीं. कित्येक घरें शहरवाल्यांचीं, सुटीपुरतीं उघडणारीं. ओळखीच्या दारांवरून जातांना मित्र आंत कोण वारलें तें सांगत होता. गांवच्या वैद्याच्या स्मरणांत गांव असाच साठतो.

दुसऱ्या दिवशीं हेरेफर्डशायरकडे जातांना एक निराळें दृश्य दिसलें. टेकडीच्या उतारावर पांढऱ्या प्लॅस्टिकचे लांबच लांब बोगदे, त्यांखालीं स्ट्रॉबेरी, आणि कडेला चाकांवरच्या खोल्यांची रांग. दोरीवर कपडे वाळत होते. तोडणीसाठीं येणारे हे मजूर. २०१९ पासून त्यांच्यासाठीं सहा महिन्यांचा हंगामी परवाना आहे. आरंभीं बहुतेक युक्रेनमधून येत, युद्धानंतर किरगिझस्तान आणि ताजिकिस्तानसारख्या दूरच्या मुलुखांतूनहि येऊं लागले.

डॉक्टरांनीं गाडी थांबवावयास सांगितली. “यांना इकडे आणतो कोण?”

“तिकडले ठेके घेणारे असतात. विमानाचें भाडें आणि परवान्याची फी भरावयाला घरून कर्ज काढून येतात. पहिले कांहीं आठवडे तें फेडण्यांतच जातात.”

“म्हणजे उचलच कीं.”

दसरा झाला कीं बीड जिल्ह्यांतून उसाच्या तोडीला टोळ्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात; मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत, कोपीत राहून, पहाटेपासून ऊस तोडावयाचा असतो. मित्राच्या लहानपणीं त्याचे चुलते याच वाटेनें जात. “बायकांचें कसें चाललें आहे?” त्यानें विचारलें. डॉक्टरांनीं आंकडे सांगितले; ते त्यांना पाठ होते. २०१९ सालीं राज्य सरकारच्या समितीनें जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली; त्यांपैकीं १३,८६१ जणींचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. खाडा झाला कीं दंड. म्हणून पाळीचा त्रासच नको, आणि दुखण्याला तोडगा म्हणून शस्त्रक्रिया सुचविणारेहि निघतात. “तें करणारे आपल्याच धंद्यांतले,” डॉक्टर म्हणाले. मित्रानें गाडी पुन्हा सुरू केली. पुढच्या पांच मैलांत कोणी बोललें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं चौघें फिरावयास निघालीं. कुंपणाशीं एक खांब आणि त्यावर ‘सार्वजनिक पायवाट’ अशी फळी. पलीकडे जवाचें उभें शेत, आणि त्याच्या बरोबर मधून माणसाच्या रुंदीची वाट सरळ गेलेली! डॉक्टर घुटमळले. दुसऱ्याच्या उभ्या पिकांत पाय घालणें त्यांच्या अंगवळणीं नव्हतें. मित्रानें समजावून सांगितलें: १९४९ च्या कायद्यानें परगण्या-परगण्याच्या अशा वाटा नकाशावर पक्क्या झाल्या. शेतकऱ्यानें नांगरली तरी चौदा दिवसांत ती पुन्हा मोकळी करून द्यावयाची. आपल्याकडेहि वाटेचा कायदा आहे. जमीन महसूल संहितेचें १४३ वें कलम बांधावरून जाण्याचा हक्क देतें. परंतु शिवरस्त्यापायीं सख्ख्या भावांचीं फुटलेलीं डोकीं डॉक्टरांनीं स्वतःच्या हातानें शिवलीं होतीं. “तुमच्याकडे नकाशा भांडतो,” ते म्हणाले, “आमच्याकडे भाऊ.”

टेकडीच्या माथ्यावर कुंपण ओलांडण्यासाठीं लाकडी पायरी होती. तिच्यावर दोघे मित्र बसले. बायका मागून येत होत्या. समोर वेल्सचे डोंगर निळसर दिसत होते. तेथें मित्रानें तें वाक्य काढलें.

“किल्लारीच्या वेळीं मीं तुला फोन केला होता. तू ‘येऊं नकोस’ म्हणालास.”

३० सप्टेंबर १९९३. गणपतीचें विसर्जन करून माणसें निजलीं होतीं, आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. सुमारें दहा हजार माणसें गेलीं. डॉक्टर त्याच दिवशीं दुपारीं किल्लारीकडे गेले होते. त्यांना दगडमातीच्या भिंती आठवल्या, पाऊस आठवला, बघ्यांच्या गाड्यांनीं तुंबलेला रस्ता आठवला. फोन मात्र आठवेना.

“मीं असें म्हणालों?”

“‘आतां येऊन काय करणार? गर्दीच फार झाली आहे,’ हे तुझे शब्द. मीं सहा महिन्यांची रजा ठरविली होती. पुढें जमलें तर तिकडेच राहावयाचें. हिनें सामान बांधलें होतें.”

तोंवर बायका येऊन पोंचल्या होत्या. डॉक्टरांच्या पत्नींनीं शेवटचें वाक्य ऐकलें. “भाऊजी, तो फोन मीं उचलला होता,” त्या म्हणाल्या. “हे तीन दिवसांनीं घरीं आले होते. अंगावर चिखल तसाच. भिंतीला टेकून उभ्या-उभ्या बोलले, आणि फोन ठेवून तिथेंच खालीं बसून झोपले. उठल्यावर कोणाचा फोन होता तें यांनीं मला विचारलें. मीं सांगितलें. ‘पुन्हा करील’ म्हणाले.”

“मीं पुन्हा केला नाहीं,” मित्र म्हणाला.

मित्राची पत्नी उन्हाकडे पाठ करून उभी होती. “दोन ट्रंका होत्या,” ती म्हणाली. “एकींत मुलाचीं मराठी पुस्तकें. ती मीं अजून उघडली नाहीं.”

एका माणसानें एकतीस वर्षें उराशीं धरलेलें वाक्य दुसऱ्यानें झोपेंत उच्चारलेलें होतें. येथें कोणी कोणाच्या गळ्यांत पडलें असतें तर गोष्ट नाटकांत शोभली असती. तसें झालें नाहीं. मित्र काठीनें गवत टोंचीत बसला होता. थोड्या वेळानें तो म्हणाला, “खरें सांगूं? तुझें तें ‘नको’ ऐकून मला वाईट वाटलें, आणि बरेंहि वाटलें. कोणी विचारलें तर सांगावयाला एक कारण मिळालें.”

डॉक्टरांनीं बराच वेळ उत्तर दिलें नाहीं. पुढें म्हणाले, “मींहि वर्गांत पोरांना तुझी गोष्ट सांगत असें. ‘जाणारे गेले, परतले नाहींत,’ म्हणून. तुला एक पत्र टाकून विचारावें, हें कधीं सुचलें नाहीं.”

उतरतांना वाट अरुंद होती. चौघें एकामागून एक चाललीं. त्या रात्रीं ट्रंक उघडली. पुस्तकांना कसर लागली होती, पण अक्षरें वाचतां येत होतीं. दोघी बायका उशिरापर्यंत तीं चाळीत आणि मधूनमधून मोठ्यानें वाचीत बसल्या होत्या.

चौथ्या दिवशीं लडलोच्या स्टेशनावर गाडीला बारा मिनिटें होतीं. मित्रानें विचारलें, अंबाजोगाईस यावयाचें तर कोणता महिना बरा? लग्न नाहीं, मर्तिक नाहीं, नुसतेंच यावयाचें. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागांत बसूं देतील कां, हेंहि त्यानें विचारलें. डॉक्टर म्हणाले, रोगी तपासावयास नवे परवाने लागतील, पण आंकडे लिहून घ्यावयाला आणि बायकांचें ऐकून घ्यावयाला कोणाचा परवाना लागत नाहीं. थंडींत हवा बरी असते; तेव्हां डिसेंबरच ठरवावा, असें दोघांचें होत आलें होतें.

“डिसेंबर नको,” डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या. “दसऱ्याच्या आधीं या. नंतर गांवांत कोणी भेटावयाचें नाहीं.”