अवधानाची राखण

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



‘मुलांचे वाचनात लक्ष लागत नाही,’ ही तक्रार शाळाभेटीत मी नेहमी ऐकतो. ती खरी आहे. परंतु दोष केवळ मुलांचा आहे काय?

करमणूक गावात पूर्वीही होतीच. परंतु कीर्तन आरतीने संपे, तमाशा पहाटे थांबे, चित्रपटाचा खेळ ठरल्या वेळी उरके. मोबाइलवरील करमणुकीला असा शेवट ठेवलेलाच नाही. एक चित्रफीत संपते न संपते तोच दुसरी पुढे येते. मूल कोठे रेंगाळले याची नोंद होते व त्याच्या आवडीचेच पुन्हा पुढे वाढले जाते. कारण पाहणारा जितका वेळ खिळून राहील, तितक्या जाहिराती त्यास दाखविता येतात. या योजनेपुढे आठ वर्षांच्या मुलाने एकट्याने संयम राखावा, ही अपेक्षा न्यायाची नव्हे. शिवाय २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा अभ्यासासाठी हे यंत्र आपणच त्याच्या हाती दिले.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक मार्ग दाखविला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजे आणि दीड तास घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद राहत. त्यासाठी अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. संयमाचा भार मुलावर न टाकता साऱ्या गावाने तो वाटून घेतला, हे यातील मर्म होय.

आता माझी चूक सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका शाळेत चौथीचा पाठ रंगात आला असता बाईंचा मोबाइल वाजला. पटसंख्या तातडीने मागविणारा तो संदेश माझ्याच नावाने आलेला होता. पाठ थांबला, मुलांच्या माना वळल्या. तो पाठ पुन्हा रंगला नाही. ज्या गोष्टीबद्दल आपण मुलांस बोल लावतो, तीच मी वर्गात घडविली होती.

यापुढे अध्यापनाच्या वेळेत माझ्याकडून असा संदेश येणार नाही. आपणही पाठ चालू असता मोबाइल कपाटात ठेवावा, रोज दहा मिनिटे मुलांस गोष्ट वाचून दाखवावी आणि येत्या पालकसभेत गावाच्या सोयीची एक वेळ ठरवून घ्यावी. भोंगा नसला तरी शाळेची घंटा आहेच.

मुले आपल्या सांगण्याकडे कमी आणि वागण्याकडे अधिक पाहतात. प्रारंभ आपल्यापासूनच होवो, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.