मोकळी जागा : समाजाची ठेव
(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंद्रूप येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



एखादी संस्था पन्नास वर्षे टिकते, तेव्हा तिच्या मालमत्तेपेक्षा तिच्यावरील विश्वास अधिक मोलाचा ठरतो. सार्वजनिक न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही, हे १९५० च्या कायद्यातील ३६ वे कलम आपल्या विश्वस्तांना ठाऊकच आहे. विश्वस्त हा मालक नसून राखणदार आहे, हा त्यामागील विचार. तोच विचार आज गावाच्या व शहराच्या मोकळ्या जागांना लावून पाहावयाचा आहे.

ही केवळ माझी कल्पना नाही. निसर्गसंपत्तीच्या बाबतीत शासन हे जनतेचे विश्वस्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले. तत्पूर्वी १९९१ साली बंगळूरच्या एका वसाहतीचा खटला न्यायालयापुढे आला होता. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्यात आली होती. रुग्णालय हेही लोकोपयोगी काम. तरीही रहिवाशांच्या बाजूने निकाल लागला. लखनौच्या झंडेवाला पार्कमध्ये भूमिगत बाजारपेठ उभी राहू लागली, तेव्हा १९९९ साली ते बांधकाम पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश झाला.

आपल्या राज्यात या रक्षणाचे मुख्य साधन म्हणजे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. विकास आराखड्यात क्रीडांगणे व उद्याने यांसाठी जागा आरक्षित करता येतात. परंतु नकाशावर हिरवा रंग भरला म्हणजे काम संपले असे नाही. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर कलम १२७ नुसार जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. मालकाची जमीन मोबदल्याविना अडकून पडू नये, हा या तरतुदीचा न्याय्य हेतू आहे. म्हणूनच आरक्षणाबरोबर निधीची तरतूदही झाली पाहिजे.

पुण्याचे उदाहरण बोलके आहे. १९९७ साली तेवीस गावे महापालिकेत आली, तेव्हा त्यांतील टेकड्यांचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहिला. नागरिकांनी दीर्घकाळ आग्रह धरला आणि सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आले. २०१५ साली शासनाने त्यास मान्यता दिली. पण मोबदल्याचा प्रश्न रेंगाळत राहिला व जागा ताब्यात येण्यास विलंब झाला. विलंबाच्या काळातच अतिक्रमणे वाढतात.

कोणी म्हणेल, ही शहरांची कथा. मंद्रूपला तिचे काय? सोलापूरची हद्द १९९२ साली वाढली आणि भोवतालची गावे शहरात आली. शहर गावाकडे कसे येते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. विजापूर मार्गालगतच्या आपल्या गावाने आपला हिशेब आजच मांडून ठेवावा. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या क्षेत्राच्या रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. भूखंड घेताना आपण रस्त्याची रुंदी विचारतो. ही दहा टक्के जागा कोठे आहे, हेही विचारावे. मंजूर नकाशाची प्रत घ्यावी, जागेची मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवाव्यात. गायरानाबाबतही हीच दक्षता हवी. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्येच सर्व राज्यांना दिला आहे.

आता एक गोष्ट नम्रपणे पण स्पष्टपणे सांगतो. अनेक वसाहतींतील मोकळ्या जागेवर पहिले बांधकाम होते ते मंदिराचे किंवा समाजमंदिराचे. हेतू शुद्ध असतो, म्हणून कोणी हरकत घेत नाही. सार्वजनिक रस्ते व उद्याने यांवर नवे अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी आपले अचौर्य व्रत काय सांगते? जे दिलेले नाही ते घेऊ नये. मुलांच्या खेळण्याची जागा त्यांनी आपल्याला दिलेली नाही. स्थानक, पाठशाळा वा मंदिर बांधावयाचे, तर ते स्वतःच्या जागेवर, समाजाच्या दानातून बांधावे. एखाद्या समाजाने असा पायंडा पाडला, तर इतरांनाही ‘ही जागा सोडा’ असे म्हणण्याचा नैतिक अधिकार त्याला मिळतो.

सुवर्णमहोत्सवी वर्षात या संस्थेने गावातील एका तरी मोकळ्या जागेचे, ग्रामपंचायतीच्या संमतीने, पालकत्व घ्यावे : कुंपण, सावलीची झाडे, पाण्याची सोय आणि नियमित निगा. जागेवर नाव मात्र गावाचेच असावे. शताब्दीला जमणाऱ्या पिढीला ती जागा मोकळीच मिळावी, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!