आमची जुनी मोटार आणि तिला ढकलणारे

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



शाळेच्या आठवणी सांगण्याची आज्ञा समितीनें आम्हांस केली आहे. शाळेचा इतिहास आमच्यापूर्वींच्या वक्त्यांनीं यथासांग सांगितला. त्यांत एकच उल्लेख राहून गेला, तो आमच्या मोटारीचा. आपण हंसलांत, यावरून आपण तिला विसरलां नाहीं असें दिसतें.

ती फियाट ११०० जातीची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून १९६४ पासून निघूं लागलेल्या आणि पुढें पद्मिनी या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या घराण्यांतली. चार सिलिंडरांचें १०८९ सी. सी.चें यंत्र, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्याच खांबाला, त्यामुळें पुढच्या सलग बैठकीवर तिघांस जागा. १९७९ सालीं आम्हीं ती जुनीच विकत घेतली. मास्तराला मोटार कशाला, असें वसईच्या वाड्यावाड्यांतून पुष्कळ दिवस बोललें गेलें. आणि खरें सांगावयाचें तर त्याचें समाधानकारक उत्तर आम्हांजवळही नव्हतें.

मातोश्रींनीं तिच्या डॅशबोर्डावर संत ख्रिस्तोफराचें पदक बसविलें होतें. प्रवाशांच्या या आश्रयदात्यानें मोटार चालू करण्याचें काम मात्र नववीच्या मुलांवर सोंपविलें असावें. थंडींत बॅटरी मंदावे. मग आम्हीं क्लच दाबून, दुसरा गिअर टाकून बसावें आणि मागून सहासात मुलांनीं ढकलावें. गति आली कीं क्लच सोडावयाचा. चाकें यंत्राला फिरवितात आणि यंत्र जागें होतें. जीं मुलें भूमितीच्या तासाला खिडकीबाहेर पाहत, तींच ढकलावयास पहिलीं धांवत. मार्चमध्यें एस्. एस्. सी.ची परीक्षा आली कीं दूरच्या वाडींतलीं मुलें, त्यांच्या पाट्या-पुस्तकें आणि शिदोऱ्या यांसह आम्ही केंद्रावर नेत असूं. एखादे दिवशीं दादरच्या बाजारीं निघालेल्या बाईची फुलांची टोपलीही स्टेशनपर्यंत मांडीवर येई.

ढकलणाऱ्यांपैकीं एकाविषयीं बोलावें, असें पुष्कळ वर्षें मनांत आहे. त्याचें नांव घेत नाहीं. तो या मंडपांतच आहे, आणि नांव घेतल्यास उठून जाईल.

तो नववींत दुसऱ्यांदा नापास झाला, तेव्हां आम्हीं त्याच्या वडिलांस बोलावून सांगितलें, "याला वाडींत कामाला लावा. शाळेंत ठेवून कांहीं उपयोग नाहीं." वडील पानवेलीच्या वाडींत राबणारे, मास्तरांचा शब्द त्यांस प्रमाण. टोपी हातांत घेऊन ते "बरें, सर" एवढेंच म्हणाले. मुलगा दाराबाहेर उभा होता. त्याच सायंकाळीं मोटार चालू होईना, आणि ढकलणाऱ्यांत तोही होता! त्यानें आमच्याकडे पाहिलें नाहीं. आम्हींही आरशांत पाहिलें नाहीं.

पांचसहा वर्षांनीं एका पावसाळ्यांत मोटार भर रस्त्यांत बंद पडली. जवळच्या गॅरेजांतून एक तरुण आला, तो हाच. त्यानें डिस्ट्रिब्युटरचें झांकण उतरविलें, सदऱ्याच्या टोंकानें आंतलें पाणी टिपलें, पॉइंट घांसले आणि म्हणाला, "आतां फिरवा चावी, सर." मजुरी विचारतां उत्तर आलें, "ढकलण्याची कधीं घेतली होती काय?"

तेव्हांपासून मोटारीचें आयुष्य त्याच्या हातांत आहे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणीचें नूतनीकरण ६०० रुपयांवरून ५,००० वर गेलें, तेव्हां आमच्या घरच्यांनीं ती भंगारांत द्या म्हणून आग्रह धरला. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तर मुंबईच्या टॅक्सींतूनही पद्मिनी बाद झाली. हा गृहस्थ मात्र जुन्या बाजारांतून सुटे भाग शोधून आणतो. गेल्या वर्षीं त्यानें डॅशबोर्ड रंगविला, तेव्हां पदक जागचें हलविलें नाहीं. त्याभोंवतीं बारीक ब्रश फिरविला.

आम्ही चुकलों, हें त्यास सांगण्यास आम्हांस चाळीस वर्षें पुरलीं नाहींत. गेल्या नाताळांत धीर केला. तो बॉनेटखालीं वांकलेला होता. वर न पाहतां म्हणाला, "मला कांहीं वाटलें नाहीं, सर. बाबांना मात्र फार लागलें होतें."

ते वडील आतां आपल्याच दफनभूमींत विसांवले आहेत. त्यांची क्षमा मागण्याची वेळ आम्हीं घालविली. म्हणून ती आज त्यांच्या मुलानातवंडांदेखत, या मंडपांत मागतों.

मोटार घंटेच्या मनोऱ्याजवळ उभी आहे. सकाळीं ती येथवर आली खरी, परंतु बॅटरीचें लक्षण ठीक दिसत नाहीं. भोजनानंतर सहासात जणांनीं तिकडे यावें. गुडघे सर्वांचेच कुरकुरत असतील. पण तेथून फाटकापर्यंत उतार आहे.